फियाट ११०० डिलाइट: पन्नासच्या वेगाला येणारा घुमारा नेमका कुठून?

डिलाइट_६९

गाडी १९६९ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट ११०० डिलाइट. इंजिन मूळचंच, १०८९ सीसी. आवाजाचं वर्णन जमेल तितकं नेमकं देतो.

टॉप गिअरमध्ये ४५ ला घुमायला सुरुवात होते, ५० ते ५२ ला सगळ्यात जास्त, ६० च्या पुढे जवळजवळ नाहीसा. शिट्टी किंवा खडखड नाही. पिंपात तोंड घालून 'ऊं' म्हटल्यावर येतो तसा. पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर पाय ठेवला की तळव्याला कळतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढतो, सोडला की बराच कमी होतो. शिवाय उभी गाडी पहिल्यात सोडताना खालून एकदाच 'टक' येतो. उभ्या गाडीत इंजिन कितीही रेस केलं तरी घुमारा नाही.

झालेलं काम: टायर नवे, पुढच्या चाकांची बेअरिंगं धुऊन ग्रीस भरून बसवली, सायलेन्सरची हँगर रबरं नवी, गिअरबॉक्सचं ऑइल बदललं. मिस्त्रींचं म्हणणं, डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना फेरे वाटणारा गिअरसंच) गेलं, त्याचं हौसिंग उघडून क्राऊन-पिनियन, म्हणजे आतली मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी, बदलू. उघडू का?

---

पाटा_यूबोल्ट

अजिबात उघडू नका. क्राऊन-पिनियन ही जोडी शिमा (पातळ चकत्या) लावून, दातांवर रंग लावून ठसा बघत बसवलेली असते. पन्नास वर्षं एकमेकांवर घासून बसलेली जोडी एकदा हलली की आज नसलेला आवाज उद्या नक्की येतो. सगळ्यात शेवटी करायचं काम लोक सगळ्यात आधी करतात, कारण हौसिंग समोर दिसतं आणि त्याच्यावर संशय घेणं सोपं.

आधी रस्त्यावर पाच चाचण्या करा. सपाट, रिकामा रस्ता, काचा वर, शेजारी ऐकायला एक माणूस.

१. ६० ला न्यूट्रल करून गाडी ४० पर्यंत घरंगळू द्या. किल्ली बंद करायची नाही. घुमारा पूर्ण गेला तर चाकाची बेअरिंगं आणि टायर जवळपास सुटले. थोडा राहिला तर किती, ते लिहून ठेवा.

२. तोच ५० चा वेग, पण तिसऱ्या गिअरमध्ये. सगळ्यात महत्त्वाची चाचणी हीच. घुमारा ५० लाच आला तर तो गाडीच्या वेगाला बांधलेला, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचा. तिसऱ्यात तो ३० ते ३५ कडे सरकला तर इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला, म्हणजे सायलेन्सर, इंजिन माउंटिंग वगैरे.

३. रुंद मैदानात ४० ला हलकी नागमोडी वळणं. एका बाजूला वळताना वाढला आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला तर ज्या चाकावर भार येतो त्याचं बेअरिंग. मागची बेअरिंगं अजून कुणी पाहिलेली दिसत नाहीत.

४. डांबरी आणि काँक्रीट अशा दोन्ही रस्त्यांवर चालवा. टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो, अ‍ॅक्सिलरेटरबरोबर नाही. तुमचा बदलतोय, म्हणून टायरवर माझा संशय नाही.

५. मागे दोन धडधाकट माणसं बसवून पुन्हा ५० ला. फरक पडला तर सांगा, त्यातून पुढचं कळेल.

---

आकडेमोड

वरची दुसरी चाचणी का लागते ते आकड्यांत मांडतो.

आधी चाकाचा परीघ. मागच्या टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, माणूस बसलेला असताना गाडी ढकलून चाकाचा एक फेरा पूर्ण करा, दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. या गाडीला १.८५ मीटरच्या जवळ येईल. मग डिफरन्शियलचं प्रमाण. एकच मागचं चाक उचला, बाकी तिन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे) फेरे मोजा. ४.३ यायला हवेत. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे क्राऊन निम्माच फिरतो, म्हणून दोन फेरे. एकच फेरा मोजून 'माझं प्रमाण २.१५ आलं' असं विचारणारे दरवर्षी भेटतात.

आता ५० च्या वेगाला:

गाडी सेकंदाला १३.९ मीटर जाते. चाक सेकंदाला ७.५ फेरे. प्रोपेलर शाफ्ट ७.५ × ४.३, म्हणजे ३२ फेरे. टॉप गिअर एकास एक, त्यामुळे इंजिनही ३२ फेरे, मिनिटाला साधारण १,९४०.

शाफ्टचा तोल गेला असेल तर फेऱ्याला एक धक्का, म्हणजे ३२ हर्ट्झ. क्रॉसच्या सांध्याचा (शाफ्टला तिरपं राहून फिरू देणाऱ्या, फुलीच्या आकाराच्या जोडाचा) कोन चुकला असेल तर फेऱ्याला दोन धक्के, म्हणजे ६५ हर्ट्झ. पिनियनचे दात दहा, म्हणून दातांचा आवाज ३२३ हर्ट्झ. हार्मोनियमवर मध्य सप्तकातल्या पांढरी तीनच्या किंचित खाली. तो घुमारा नसतो, सूर असतो, गाता येतो. तुम्ही पिंपातला 'ऊं' म्हणताय, तेव्हा दातांचा आवाज मला वाटत नाही.

आता गोम. चार सिलिंडरच्या इंजिनात फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे टॉप गिअरमध्ये सायलेन्सरचा घुमाराही ६५ हर्ट्झच! क्रॉस आणि सायलेन्सर अगदी एकाच सुरात बोलतात, कान किंवा फोन दोघांनाही वेगळे ओळखता येत नाहीत. तिसऱ्या गिअरमध्ये त्याच ५० ला इंजिन ३,००० च्या आसपास जातं, स्फोटांचा आवाज १०० हर्ट्झकडे चढतो आणि शाफ्ट मात्र ६५ वरच राहतो. तिथे दोघांची फारकत होते.

फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या. ६५ साठी माइक चालतो, फोन मागच्या सीटवर उशीवर ठेवा. ३२ ला फोनचा माइक बहुधा बहिरा असतो. त्यासाठी कंपन मोजणारं अ‍ॅप लावून फोन थेट फ्लोअरच्या पत्र्याला टेपने चिकटवा. स्पीडोमीटरवर विसंबू नका, वेग जीपीएसवर बघा. जुन्या मीटरचा पन्नास म्हणजे कधी पंचेचाळीस, कधी पंचावन्न.

---

ग्रीस_निपल

वरच्या दोघांनी अर्धं काम केलंय. आता खाली काय बघायचं.

या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा. मध्ये एक बेअरिंग, ते रबराच्या गादीत बसलेलं, गादी ब्रॅकेटमध्ये आणि ब्रॅकेट फ्लोअरला. म्हणजे शाफ्टची कुरकुर थेट तुमच्या सीटखालच्या पत्र्यात उतरते आणि पत्रा ढोलासारखा वाजतो. तळव्याला जाणवतं ते बहुतेक हेच.

पिट असेल तर उत्तम. नसेल तर मागची दोन्ही चाकं उचलून अ‍ॅक्सलखाली घोड्या (लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, शाफ्ट हाताने फिरवायचा. इंजिन चालू ठेवून, चाकं फिरत असताना स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकणारे लोक आहेत. त्यातला नसलेलं बरं.

मधल्या बेअरिंगजवळ शाफ्ट धरून वर-खाली हलवा. रबर थोडं दबणारच, पण शाफ्ट झटकन खाली बसला, ब्रॅकेटला टेकला किंवा रबरात फट दिसली तर गादी संपली. फाटते बहुतेक वेळा खालच्या अर्ध्यात, कारण वजन तिथे. शिवाय गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून ऑइल उडत असेल तर ते रबर फुगवून मऊ करतं. नवी गादी बसवायच्या आधी सील बघा.

शाफ्ट सावकाश फिरवत बोट ब्रॅकेटवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर वाळू भरल्यासारखी किरकिर बोटाला कळते.

मग दोन्ही क्रॉस. एका हाताने फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती), दुसऱ्याने शाफ्ट, आणि उलटसुलट पीळ द्या. किंचितही खेळ नको. क्रॉसच्या टोकांवरच्या कपांच्या तोंडाशी लाल गंजाचा भुगा दिसला तर आत ग्रीस कधीच संपलंय. पण खेळ नसलेला क्रॉससुद्धा वाईट असू शकतो, आणि हे बऱ्याच जणांकडून सुटतं. शाफ्ट खोलून हाताने क्रॉस दोन्ही दिशांनी वळवा. मधोमध 'अडकून सुटल्यासारखं' वाटलं तर कपातल्या बेअरिंगच्या सुयांनी खाचा पाडल्यात. गाडी उभी असताना खेळ शून्य आणि चालताना घुमारा पूर्ण, असा हा प्रकार.

तुमचा 'टक' म्हणजे खेळांची बेरीज. थोडा क्रॉसचा, थोडा सरकत्या सांध्याच्या खाचांचा, थोडा क्राऊन-पिनियनचा. कोणाचा किती ते एकेक जोड हाताने धरून तपासा. एक चाक उचललेलं असताना रिमला थोडासा मोकळा खेळ येणारच. त्यावरून डिफरन्शियल गेलं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

खोलण्याआधी सेंटर-पंचने प्रत्येक जोडावर दोन्हीकडे खुणा मारा: पिनियन फ्लँज आणि योक (क्रॉस धरणारा दुबेळका भाग), सरकत्या सांध्याचे दोन्ही भाग, मधला जोड. खडू किंवा पेनच्या खुणा डिझेलने धुतल्या की जातात. सरकता सांधा एक खाच जरी इकडेतिकडे बसला तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि तुम्ही पैसे देऊन नवा घुमारा विकत घेतलात.

---

नव्वदचं_ऑइल

डिफरन्शियलला सरसकट निर्दोष सोडू नका, पण न उघडता तपासता येतं. भरायचा प्लग काढा, करंगळी आत घालून ऑइल छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत आहे का बघा. नव्वदचं ईपी (जास्त दाब सोसणारं) ऑइलच हवं. साधं इंजिन ऑइल घातलेल्या गाड्या भेटतात. खालच्या प्लगने वाटीभर ऑइल काढून उन्हात धरा आणि लोहचुंबक फिरवा. बारीक राखाडी गाळ चालतो. बोटाला टोचणारा कण आला तर मग मिस्त्रींचं बरोबर. पिनियन फ्लँज वर-खाली हलवून बघा, अजिबात हलता कामा नये. हलला तरी नट नुसता आवळून टाकू नका, त्याने बेअरिंगचा ताण बदलतो आणि आठवडाभरात पिनियन रडायला लागतं.

माझा प्रश्न वेगळाच आहे. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) अलीकडे कमान मारून, म्हणजे पुन्हा वाकवून, घेतलेत का? पाटे धरणारे यू-बोल्ट कधी आवळले?

---

डिलाइट_६९

सगळ्यांचे आभार. निकाल असे:

न्यूट्रलमध्ये घुमारा जवळजवळ नाही. तिसऱ्यात जीपीएसच्या ५० लाच घुमारा, तसाच. नागमोडीत फरक नाही. मागे दोन माणसं बसवल्यावर स्पष्ट कमी झाला, निम्म्याहून कमी. माइकवर टॉपमध्ये ६४ ते ६६ ला उंच शिखर. तिसऱ्यात ते तिथेच राहिलं आणि १०० च्या आसपास दुसरं छोटं उगवलं. ३२ ला नाव घेण्यासारखं काही नाही. डिफरन्शियलचं ऑइल पातळीला, चुंबकावर फक्त गाळ.

मधल्या बेअरिंगची गादी खालून सुटलेली आहे, नखाने उचलली जाते. क्रॉसना खेळ नाही, पण मागचा वळवताना मधोमध अडकतो.

आणि हो, पाटे चार महिन्यांपूर्वी कमान मारून आणले होते, मागून गाडी बसली होती म्हणून. घुमारा त्याच सुमारास सुरू झाला, पण मी तो नव्या टायरांच्या खात्यावर टाकला होता.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी, व्हीए मालिकेची (विंटेज गाड्यांची) नोंदणी करायची आहे, त्यामुळे मूळ रूप बिघडेल असं काही नको.

---

पाटा_यूबोल्ट

मग हौसिंग बंदच राहू द्या. ६५ हर्ट्झ, तिसऱ्यातही न हलणारं, अ‍ॅक्सिलरेटरने वाढणारं, भार टाकल्यावर उतरणारं: कोन. तोल गेलेल्या शाफ्टला अ‍ॅक्सिलरेटरशी देणंघेणं नसतं, तो ओझ्याशिवायही तेवढाच थरथरतो. कोन चुकलेला क्रॉस मात्र जेवढा जोर द्याल तेवढा हिसका देतो. पाट्यांची कमान वाढली, बॉडी वर गेली, मागचा शाफ्ट जास्त तिरपा झाला. दोन माणसं बसली की बॉडी खाली येते आणि कोन परत मूळ जागेकडे जातो. फाटलेली गादी हिसका पत्र्यापर्यंत पोचवायचं काम करते. पत्र्याला ६५ चं कंपन नेमकं मानवतं, म्हणून ५० ला जोर आणि ६० ला शांत.

क्रम असा ठेवा: आधी गादी, बेअरिंग आणि मागचा क्रॉस. कोन त्याच्यानंतर मोजा. उलटं करू नका, कारण नवी गादी शाफ्टचा मधला भाग काही मिलिमीटर वर उचलते आणि आधी मोजलेले सगळे कोन रद्दी होतात.

---

ग्रीस_निपल

सामानाबद्दल. डिलाइटचा म्हणून मागू नका, पद्मिनीचा (याच गाडीचा पुढचा अवतार) मागा. पद्मिनी २००० च्या आसपासपर्यंत बनत होती, तिचं सामान कुर्ल्याला सीएसटी रोडवर आणि पुण्यात नाना पेठेत अजून निघतं. जुना भाग पिशवीत घालून न्या आणि बेअरिंगची तीन मापं व्हर्नियरने घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. बाजूला कोरलेला नंबर वाचता आला तर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल. दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं घ्या. गादी मात्र बघून घ्या: अंगठ्याने दाबून दबली पाहिजे. दगडासारखी कडक गादी बसवली की फाटकी बरी होती म्हणायची वेळ येते.

क्रॉस बसवताना: चारही सर्क्लिप (कप अडवून धरणाऱ्या कड्या) काढा, योक व्हाइसमध्ये, एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठा, आणि दाबून काढा. हातोड्याने योकवर ठोकू नका, भोक लांबट होतं. नव्या कपातल्या सुया ग्रीसने चिकटवून ठेवा. एखादी आडवी पडली तर कप शेवटचे दोन मिलिमीटर आत जात नाही, आणि तिथे जोर लावणारा माणूस नवा क्रॉस मारतो. समोरासमोरच्या सर्क्लिप एकाच जाडीच्या हव्यात, नाहीतर शाफ्ट मध्यावरून सरकतो आणि तोल जातो. बसवून झाल्यावर योकच्या कानांवर हलकेच दोन टकोरे द्या म्हणजे कप सर्क्लिपला टेकतील. मग क्रॉस स्वतःच्या वजनाने नाही, पण एका बोटाने वळला पाहिजे.

मधल्या ब्रॅकेटचे बोल्ट शेवटी. आधी फक्त हाताने. गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा पुढेमागे ढकला, गादी आपोआप मोकळी बसू द्या, मग आवळा. घोडीवर असतानाच आवळलं तर गादी पिळलेली राहते.

---

डिलाइट_६९

गादी, बेअरिंग, मागचा क्रॉस झाले. घुमारा बराच उतरला, पण एकट्याने चालवताना ५० ला अजून आहे. 'टक' गेला. फोनच्या अँगल मीटरने पिटवर, गाडी चाकांवर असताना मोजलं. तिन्ही मागच्या बाजूला उतरते: पुढचा शाफ्ट २ अंश, मागचा शाफ्ट ५.५, पिनियनची रेषा ०.५ (फ्लँजच्या तोंडावर मोजून ९० तून वजा केली).

---

आकडेमोड

मधल्या क्रॉसचा कोन ५.५ वजा २, म्हणजे ३.५. मागच्या क्रॉसचा ५.५ वजा ०.५, म्हणजे ५. दोन्ही सारखे असले की एकाचा हिसका दुसरा खोडून काढतो. तुमच्यात दीड अंशाचा फरक आहे, तो एक अंशाच्या आत आणायचा. पिनियनची रेषा पुढच्या शाफ्टला समांतर हवी, म्हणजे तीही २ अंश: पिनियनचं नाक दीड अंश वर.

दोन वाटा आहेत. एक, पाट्यांची जादा कमान काढणं. बॉडी खाली आली की दोन्ही कोन कमी होतील. दुसरी, पाटा आणि अ‍ॅक्सलच्या बैठकीमध्ये लोखंडी पाचर. १०० मिलिमीटर लांबीच्या पाचरीला दीड अंशासाठी दोन टोकांच्या जाडीत २.६ मिलिमीटर फरक लागतो. कुठलाही शेपर किंवा मिलिंगवाला करून देईल. दोन्ही बाजूंच्या पाचरी एकाच बैठकीत कापून घ्या.

---

नव्वदचं_ऑइल

मी असतो तर आधी कमान उतरवली असती. पाचरीचा आग्रह असेल तर पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण बसतंय का ते बघा. पाचरीमुळे ते वर राहिलं तर अ‍ॅक्सल पुढेमागे सरकू शकतो. त्याला लांब बोल्ट लागतो. यू-बोल्टचे आटे ताणलेले असतील तर नवे घ्या, चारही नट फुलीच्या क्रमाने आवळा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा. जाड टोक पुढे की मागे याचा वाद घालत बसू नका. एका बाजूने बसवून कोन मोजा, नाक खाली गेलं तर उलटवा.

नोंदणीबद्दल: २०२१ च्या नियमांत चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको असं आहे. पाचर म्हणजे चार नट सोडले की निघणारी वस्तू, चॅसिसला हात लागत नाही.

---

डिलाइट_६९

कमान उतरवून घेतली, दोन्ही बाजूंनी सारखी. आता पुढचा शाफ्ट २, मागचा ४.५, पिनियन १.५. म्हणजे २.५ आणि ३. माइकवर ६५ चं शिखर रस्त्याच्या आवाजात बुडालं. आता ७० च्या पुढे फ्लोअरला बारीक थरथर जाणवते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी तेवढीच.

---

ग्रीस_निपल

सोडला तरी तेवढीच, म्हणजे आता तोल. क्रॉस बदलल्यावर हे होतं. शाफ्ट बॅलन्सिंगला द्या. तोवर घरी करायचं असेल तर मागच्या शाफ्टच्या मागच्या टोकाशी, वेल्डजवळ, पाइपची एक स्टीलची क्लिप आवळा. घेराचे खडूने चार भाग पाडा, क्लिपचा स्क्रू एकेका खुणेवर ठेवून ७० ला चार फेऱ्या मारा. जिथे सगळ्यात कमी थरथर तिथे दुसरी क्लिप लावा, आणि दोन्ही स्क्रू त्या खुणेपासून सारखेच दूर, एक डावीकडे एक उजवीकडे सरकवत बारीक जुळवा. शाफ्ट बोगद्याच्या पत्र्याला स्क्रू घासत नाही ना, ते मागे दोन माणसं बसवून बघा.